वाचकांचे प्रश्न : लाकडी डमीशी झटून काय मिळते?

प्रश्न : स. न. वि. वि. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो, वय ३१. गेली अडीच वर्षे विंग चुन ही चिनी युद्धकला शिकत आहे. हातांचे पहिले दोन क्रम पूर्ण झाले असून आता आमचे सर लाकडी डमीवरचा सराव सुरू करणार आहेत. माझा एक मित्र बॉक्सिंग करतो. त्याच्या मते, जी वस्तू उलटून ठोसा मारत नाही तिच्यावर वेळ घालवणे ही निव्वळ शोभा आहे. आजोबांनी तरुणपणी मल्लखांब केला आहे. डमीचे छायाचित्र पाहून ते म्हणाले, “हा तर हातपाय फुटलेला मल्लखांब!” आणि पुढे, “खांबाशी झटून कुस्ती येत नाही, जोड शोध.” या सरावाला खरोखर काही मोल आहे का, हे आपण सांगावे.

उत्तर : आजोबांच्या दोन वाक्यांपैकी पहिले मला इतके आवडले की उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. या साधनाचे चिनी नाव ‘मुक यान जोंग’, म्हणजे शब्दशः लाकडी माणसाचा खांब. सुमारे पाच फूट लांब आणि साधारण नऊ इंच व्यासाचा गोल ओंडका, त्यातून खांद्याच्या उंचीवर पुढे आलेले दोन निमुळते हात, पोटाच्या पातळीवर तिसरा हात आणि खाली गुडघ्यात वाकलेला एकच पाय, असे त्याचे रूप असते. तीन हात पाहून नवख्याला हसू येते. परंतु ही माणसाची प्रतिकृती नसून हल्ला ज्या ज्या रेषांनी येऊ शकतो त्यांची लाकडात केलेली आखणी आहे. मधला हात डावा की उजवा हा प्रश्न म्हणूनच तिथे उद्भवत नाही.

चीनमधील फोशान गावात हा खांब जमिनीत पुरून उभा करीत. विंग चुन जगभर पोहोचवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते इप मान (१८९३–१९७२) हे १९५०च्या सुमारास फोशान सोडून हाँगकाँगला आले. तिथल्या दाटीवाटीच्या वस्तीत, वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांत, खांब पुरण्यासाठी माती कुठून आणायची? तेव्हा ओंडका दोन आडव्या लवचिक पट्ट्यांवर पेलून चौकटीत बसवण्याची पद्धत रूढ झाली. जागेच्या अडचणीतून आलेल्या या बदलाने साधनाचा स्वभावच बदलला, कारण पट्ट्यांवरचा ओंडका धक्का लागताच किंचित मागे जातो आणि परत येतो. आजोबांना विचारा, पुरलेला मल्लखांब आणि टांगता मल्लखांब यांवर तोच मनुष्य तीच उडी मारताना किती वेगळा भासतो, हे ते अधिक चांगले सांगतील.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. डमीचे सर्वांत मोठे मोल माझ्या मते हे, की ती आपली समजूत काढीत नाही. साथीदाराबरोबर सराव करताना तो नकळत आपल्याला सांभाळून घेतो. आपला कोपर दोन बोटे बाहेर गेला तरी तो आपला हात थोडा हलवतो, आपले पाऊल चुकीच्या जागी पडले तरी तो अर्धे पाऊल सरकतो, आणि दोघांनाही डाव जमला असे वाटते. लाकूड असे काही करीत नाही. ते आपल्या सोयीने हलत नाही, म्हणून हलावे लागते ते आपल्याला. उदाहरणार्थ, तळहात वर करून हात पुढे सरकवण्याची ‘तान साव’ ही क्रिया घ्या. डमीचा हात आतून अडवीत बाहेरच्या अंगाला जायचे आणि दुसऱ्या तळहाताने ओंडक्यावर आघात करायचा, एवढेच खरे तर करायचे असते. पण नवशिका आधी आपल्या बळाने तो लाकडी हात बाजूला रेटू पाहतो. हात जातो भोकाच्या कडेपर्यंत, तिथे अडतो, आणि मनगट दुखू लागते. असे पंधरा-वीस दिवस गेल्यावर कधीतरी शरीराला उमगते की रेटायचे काही नव्हतेच. पाऊल कोनात टाकून आपणच त्या रेषेबाहेर पडायचे होते. पाहणाऱ्याचे लक्ष हातांच्या खडखडाटाकडे असते, आणि डमी मात्र शिकवीत असते पावले टाकायला.

‘बोंग साव’ या क्रियेचेही तसेच आहे. त्यात कोपर मनगटाहून वर राहतो आणि येणारा जोर पुढच्या हातावरून तिरका घसरवून द्यायचा असतो. खांदा उचलून ती केली, तर डमीवर आपलाच जोर आपल्याच खांद्यात परत येतो आणि टाच उचलली जाते. कमरेतून वळून केली तर काहीच विशेष घडत नाही, आणि ते काहीच न घडणे हीच ती बरोबर झाल्याची खूण. कान तयार झालेल्या शिक्षकाला तर पाहावेही लागत नाही. जोर ओंडक्याच्या मध्यरेषेत गेला की पट्ट्यांवरून एक भरीव ठोका येतो, आडवा गेला की नुसते हात भोकांत खुळखुळतात. आपल्या सरांना पाठ फिरवून बसवा आणि हा प्रयोग करून पाहा.

आणखी एक उपयोग आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. विंग चुनमधल्या पुष्कळ लाथा गुडघ्यावर किंवा नडगीवर जातात. साथीदाराच्या गुडघ्यावर पूर्ण जोराने लाथ मारून कोणालाही सराव करता येणार नाही आणि करूही नये. डमीच्या वाकलेल्या पायावर ती पूर्ण जोराने, योग्य अंतरावरून आणि त्याच क्षणी दोन्ही हात कामात गुंतलेले असताना मारता येते. हात एक करीत असताना पाय दुसरे करतो, हा मेळ मोकळ्या हवेत हातवारे करून बसत नाही.

एवढे सांगितल्यावर आपल्या मित्राचे म्हणणे मी खोडून काढीन असे आपल्याला वाटले असेल, तर तसे नाही. त्याचा आक्षेप खरा आहे, आणि तो मांडतो आहे त्याहूनही खोल आहे. डमी उलटून मारीत नाही हा तिचा लहान दोष. मोठा दोष असा, की तिचा हात कायम पुढे आलेला असतो. खरा ठोसा येतो तसाच झटकन परत जातो. लाकडी हात मात्र आपली वाट पाहत तिथेच थांबतो. वर्षानुवर्षे केवळ डमीवर राबलेल्या माणसाला म्हणूनच समोरच्याचा हात शोधत राहण्याची खोड लागते, आणि ज्या हाताला तो अडवू पाहतो तो केव्हाच माघारी गेलेला असतो. अंतर, वेळ, हुलकावणी आणि अंगावर कोणी धावून आल्यावर छातीत होणारी धडधड या चारही गोष्टी लाकूड शिकवू शकत नाही. त्यांच्यासाठी हाताला हात लावून स्पर्शाने जोर ओळखण्याचा ‘ची साव’ हा सराव हवा आणि त्याच्याही पुढे मोकळी झुंज हवी. ब्रूस ली हे १९५०च्या दशकात इप मान यांच्याकडे शिकले. अमेरिकेत गेल्यावरही त्यांनी डमीवरचा सराव सोडला नाही, पण त्याबरोबर संरक्षक साधने घालून खऱ्या जोराने झुंजण्याचा आग्रहही धरला.

हा वाद आपल्या मराठी मंडळींना परका वाटू नये. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी केले. अढी, तेढी, बगली, दसरंग या त्यावरच्या प्रकारांनी पैलवानाच्या मांड्यांना पकड आली, पाठ लवचिक झाली, पडताना अंग सांभाळण्याची सवय लागली. तरीही केवळ खांबावर तयार झालेल्याला कोणी पैलवान म्हटले नाही, कारण निकाल लागायचा तो तांबड्या मातीत. आपण राहता त्या गावात तर ही परंपरा दाराशीच आहे. ज्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली पुढे योगसंशोधक स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेलेले गृहस्थ १९०७ ते १९१० या काळात शिकले, ते वडोदऱ्याचेच. आजोबांचे दुसरे वाक्य या मुशीतून आलेले आहे, तेव्हा ते मनावर घ्या. पण त्यांनी स्वतः मल्लखांब सोडला नव्हता, हेही विसरू नका.

व्यवहारात असे करा. एक तासाच्या सरावात डमीला दहा-पंधरा मिनिटांहून अधिक देऊ नका आणि उरलेला वेळ जोडीदाराबरोबर घालवा. जोडीदारासमोर जो डाव सतत फसतो, तोच घेऊन डमीपाशी जा, कोन तपासा आणि परत या. वर्गात जोडीदार मिळत नसेल, तर डमी पुढे ढकला आणि आधी माणूस शोधा.

प्रश्न : माझा १२ वर्षांचा मुलगा कुंग फूच्या वर्गाला जातो. तिथे मुलांना लाकडी खांबावर पुढचे हात आपटायला लावतात. हात निळे झाले तर “हाडे लोखंडासारखी होतील” असे सांगितले जाते. हे योग्य आहे का? — एक आई, मांजलपूर

उत्तर : योग्य नाही. वर्गाच्या प्रमुखांना आपण नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत तसे सांगावे.

हाडांवर नियमित भार आला की ती त्या भाराला अनुरूप घट्ट होत जातात, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडले आणि ते आजही मान्य आहे. ‘लोखंडासारखी’ हा शब्दप्रयोग त्याच तत्त्वाचा विपर्यास असावा. हा बदल महिन्या-वर्षांच्या गतीने आणि सोसवेल अशा भारानेच होतो. निळा डाग हाडाच्या घट्टपणाची खूण नव्हे, तो त्वचेखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आहे. त्याच जागी वारंवार मार बसत राहिला, तर क्वचित स्नायूच्या आतच हाड धरू लागते आणि सांध्याची हालचाल आखडते. शिवाय १२ वर्षांच्या मुलाच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा अजून मिटलेल्या नसतात. मुलग्यांत त्या साधारण सोळा ते अठराव्या वर्षापर्यंत मिटतात, आणि तोवर त्या जागांना इजा झाल्यास वाढीवर परिणाम होऊ शकतो.

हात कणखर करणे हा डमीचा हेतूच नाही, हे वरच्या उत्तरावरून आपल्या लक्षात आले असेल. बरोबर कोनात केलेली क्रिया फारशी लागत नाही; सारखे लागत असेल तर क्रिया चुकते आहे असे समजावे. मुलाला हवे असल्यास कापसाची गादी गुंडाळलेल्या डमीच्या हातांवर, हळू, केवळ पावले बसवण्यापुरते करू द्या. करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, किंवा दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरत नसेल, तर हळदीचा लेप लावीत थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : डमीवरचा पूर्ण क्रम १०८ क्रियांचा असतो की ११६? दोन्ही आकडे ऐकले. — एक विद्यार्थी, कारेलीबाग

उत्तर : दोन्ही. जुना क्रम १०८ क्रियांचा सांगितला जातो आणि इप मान यांच्या परंपरेत तो ११६ क्रियांचा शिकवतात. जपमाळेच्या मण्यांमुळे १०८ हा आकडा आपल्याला जवळचा, आणि बौद्ध परंपरेमुळे चीनमध्येही तो शुभ मानला जातो. एकच हालचाल कोणी एक मोजतो, कोणी दोन, त्यामुळे आकड्यावरून भांडू नये. आपले सर शिकवतील तो क्रम नीट पाठ करावा.

प्रश्न : विकतची डमी परवडत नाही. ओळखीचा सुतार करून देतो म्हणतो. कोणते लाकूड घ्यावे? आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. — एक वाचक, वासणा रोड

उत्तर : साग उत्तम. अखंड ओंडका दिसायला देखणा असला तरी तो टाळावा, असे माझे मत आहे. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढे आकसते तेवढे गाभ्याकडे आकसत नाही. या फरकामुळे गाभ्यासकट घेतलेला गोल ओंडका उभा तडकतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर हमखास तडकतो. नीट मुरवलेल्या सागाच्या उभ्या पट्ट्या डिंक लावून जोडाव्यात, आत पोकळी ठेवावी आणि मग बाहेरून गोल करावे. हात व पाय मात्र अखंड लाकडाचे, रेषा लांबीला समांतर असलेले आणि गाठ नसलेले असावेत, कारण सगळा मार तेच खातात. वरच्या दोन हातांची उंची सुताराच्या अंदाजाने ठरवू नका. आपण सरावाच्या पवित्र्यात गुडघे वाकवून उभे राहा आणि त्या स्थितीतल्या आपल्या खांद्याची खूण त्याला करून द्या.

फ्लॅटमध्ये खरी अडचण आवाजाची. चौकट शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला ठोकू नका. ती स्वतंत्र उभी ठेवा, खाली जाड रबराची चटई घाला, आणि रात्री नऊनंतर हात लावू नका. सुताराला एक गोष्ट आवर्जून सांगा : हातांचा मागचा चौकोनी भाग भोकात सैलच हवा, घट्ट ठोकलेला नको. तो सफाईदार काम म्हणून घट्ट बसवून देईल, आणि श्रावणात लाकूड फुगल्यावर तो हात आपल्याला बाहेरही काढता येणार नाही.