पॉइंट रेजला एका दिवसाच्या सोप्या, मध्यम आणि कठीण पायवाटा कोणत्या निवडाव्यात?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या पॉइंट रेज नॅशनल सीशोअरमध्ये आपण एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस जाणार आहात, बरोबर सत्तरीच्या घरातले आई-वडील, 14 वर्षांचा मुलगा आणि रोज धावणारे पती आहेत, आणि आपल्याला एक सोपी, एक मध्यम व एक कठीण अशा तीन सुंदर पायवाटा हव्या आहेत, असा आपला प्रश्न आहे. त्याखाली एका गृहस्थांनी असे उत्तर दिले आहे की, कठीण दिवसासाठी अलामेअर धबधबा निवडावा आणि तेथे शॉर्टकटने जावे, म्हणजे चार-साडेचार मैलांची पायपीट वाचते. ते उत्तर वाचले नसते तर मी बहुधा लिहायला बसलेच नसते, कारण नेमक्या याच विषयावर आमच्या घरात बरीच वर्षे वाद चालू आहे आणि माझ्या मते तो सल्ला सरळसरळ धोकादायक आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. या किनाऱ्यावर मैल मोजून सोपे-कठीण ठरवणे चुकीचे आहे. येथला सर्वांत उंच डोंगर, माउंट विटेनबर्ग, अवघा 1,407 फुटांचा आहे, आणि ज्याने सह्याद्रीत चार घाटवाटा पालथ्या घातल्या आहेत त्याला हा आकडा वाचून सगळेच सोपे वाटू लागते. प्रत्यक्षात येथे दमवणारी आणि अडवणारी गोष्ट चढ नसून वारा, भरती आणि ठिसूळ कडे ही आहे. मॅकक्ल्युअर्स बीचचे उदाहरण घ्या. गाडी लावल्यापासून खाली वाळूपर्यंतचे अंतर अर्ध्या मैलाहूनही कमी आहे, म्हणजे कागदावर ही वाट कोणीही ‘सोपी’ या रकान्यात टाकील. पण उतार तीव्र आहे, लाटा दांडग्या आहेत आणि पुळणीच्या दक्षिण टोकाला खडकांमधून पलीकडे जाणारी फट केवळ ओहोटीतच पार करता येते; पाणी चढले की पलीकडे गेलेला माणूस तेथेच अडकतो.

दीपगृहाचेही तसेच आहे. वाहनतळापासून कड्यावरच्या निरीक्षण-कट्ट्यापर्यंत अर्धा मैल चालावे लागते, एवढ्यावरून माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, ते ठिकाण सासूबाईंसाठी ‘आरामाचे’ म्हणून ठरवून टाकले होते. हे दीपगृह 1870 साली बांधले, ते कड्याच्या माथ्यावर न बांधता मुद्दाम बरेच खाली बांधले, कारण येथले धुके बहुधा उंचावर साचते आणि माथ्यावरचा दिवा त्यात झाकला गेला असता. त्यामुळे आज तेथपर्यंत जायला 313 पायऱ्या उतराव्या लागतात, आणि उतरलेल्या सगळ्या परत चढाव्या लागतात, म्हणजे तीस मजली इमारत चढण्याइतका तो चढ होतो. शिवाय ताशी 40 मैलांपेक्षा जास्त वारा सुटला की पायऱ्या बंद ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा त्या बंदच होत्या. सासूबाई कट्ट्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, वाऱ्याने त्यांचा चष्मा नाकावरून सरकत होता, आणि समोर समुद्र आहे की धुके आहे हेही त्यांना नीट कळत नव्हते.

मी त्यांना तेथून लगेच चिमनी रॉककडे नेले. ही वाट जाऊन-येऊन पावणेदोन मैलांची आहे, म्हणजे दीपगृहाच्या रस्त्यापेक्षा लांबच. पण चढ सौम्य आहे आणि एका बाजूला ड्रेक्स बेचे शांत पाणी असते. त्याच वाहनतळापासून एक छोटी फाटा-वाट हत्ती-सील पाहण्याच्या जागेकडे जाते. दीडशेहून अधिक वर्षे या किनाऱ्यावरून नाहीसे झालेले हे प्राणी 1970 च्या दशकात परत आले, आणि हिवाळ्यात त्यांचे अवाढव्य नर खाली वाळूवर छाताडे उंचावून एकमेकांवर आदळतात. त्यांचा तो घशातून येणारा, पिंपावर दणके द्यावेत तसा आवाज वरपर्यंत ऐकू येतो. सासूबाई तेथून उठायलाच तयार नव्हत्या. आपल्या आई-वडिलांसाठी मी हीच जागा सुचवते. एप्रिलच्या अखेरीस नरांच्या मारामाऱ्या संपलेल्या असतील, पण कातडी झडवायला आलेल्या माद्या आणि लहान सील दिसू शकतात, टोकाकडची कुरणे रानफुलांनी भरलेली असतात, आणि उत्तरेकडे परतणाऱ्या करड्या देवमाशांच्या माद्या पिल्लांना घेऊन याच सुमारास किनाऱ्याच्या बऱ्याच जवळून जातात. दुर्बीण मात्र विसरू नका.

आता अलामेअरकडे वळते. या धबधब्याची उंची जेमतेम 40 फूट असेल, पण त्याचे पाणी कड्यावरून थेट समुद्राच्या पुळणीवर पडते, आणि असे धबधबे फार थोडे आहेत. अधिकृत मार्ग उद्यानाच्या दक्षिण टोकाच्या पॅलोमॅरिन वाहनतळापासून सुरू होतो: कोस्ट ट्रेलने साडेपाच मैल चालून वाइल्डकॅट कॅम्प गाठायचा, तेथे पुळणीवर उतरायचे आणि समुद्र उजवीकडे ठेवून साधारण मैलभर दक्षिणेकडे परत यायचे. जाऊन-येऊन हे अंतर 13 मैल, म्हणजे सुमारे 21 किलोमीटर होते. शॉर्टकट म्हणतात तो पेलिकन लेकच्या पुढे डावीकडे फुटतो. ती वाट उद्यानाने आखलेली नाही, तिची देखभाल कोणी करत नाही आणि तिने जाऊ नये असे उद्यान स्पष्ट सांगते. तरीही जमिनीवर कोणीतरी दगड मांडून बाण केलेला असतो आणि तो पाहून माणसे वळतात.

आम्ही त्या बाणापाशी पोहोचलो तेव्हा भाऊजी, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा, माझे पती आणि मी असे चौघे होतो. भाऊजींनी शेकडो लोकांनी लिहिलेले अनुभव वाचले होते आणि त्यांचे म्हणणे असे की, एवढे लोक जातात त्या अर्थी वाट चालती आहे. मी आदल्या रात्री भरती-ओहोटीचा तक्ता पाहून ठेवला होता. ओहोटीची वेळ दुपारी होती आणि वाइल्डकॅटकडून जायला आमच्याकडे भरपूर अवधी होता. घाई करण्याचे काहीच कारण नव्हते. मी स्पष्ट नकार दिला. त्या दगडांच्या बाणाशेजारी उभे राहून आम्ही दीर-भावजय जितका वेळ बोलत राहिलो तितक्या वेळात आणखी दोन-तीन गट आमच्या बाजूने त्या झुडपांत शिरले, आणि प्रत्येक गट आत गेला की भाऊजींचा मुद्दा आणखी बळकट होई. शेवटी ते मुलाला घेऊन डावीकडे गेले आणि आम्ही दोघे सरळ पुढे गेलो.

आमची वाट ओशन लेकच्या बाजूने हळूहळू खाली उतरली, वाइल्डकॅटच्या मोकळ्या माळावर थोडे बसणे झाले आणि मग आम्ही पुळणीवर आलो. या मार्गाचे खरे मोल येथे कळते. डावीकडे उभे कडे, उजवीकडे समुद्र, पायांखाली ओली घट्ट वाळू, आणि दूरवर कड्यावर एक पांढरी रेघ, जी प्रत्येक वळणानंतर थोडी रुंद होत जाते. तिचा आवाज लाटांमधून वेगळा ऐकू येऊ लागतो, मग पडणारे पाणी दिसते, मग ते पाणी वाळूत घळ पाडून समुद्राला मिळताना दिसते. शॉर्टकटने येणारा माणूस धबधब्याच्या माथ्यावर पोहोचतो. ज्यासाठी आलो ती गोष्टच त्याच्या पायांखाली असते, आणि ती पाहण्यासाठी त्याला शेवटचा कडा उतरावा लागतो.

तो शेवटचा कडा म्हणजे नुसता घसारा आहे. शेल नावाचा पातळ थरांचा ठिसूळ खडक, हजारो पायांनी पडलेली अरुंद घळ, आणि पकडायला जावे तर चकती सुटून हातात येते. आम्ही खाली पोहोचलो तेव्हा भाऊजी पुळणीवर उतरलेले होते, पण पुतण्या अजून त्या घळीतच होता. त्याचा एक पाय टेकलेला होता, दुसऱ्या पायाला जागा सापडत नव्हती, वरून उतरणाऱ्या माणसांच्या पायांखालून सुटलेले खडे त्याच्या खांद्यावर पडत होते आणि खालून चढू पाहणारे वाट मोकळी होण्याची वाट बघत उभे होते. तो उतरला, दोन्ही तळवे सोलून उतरला. त्याखेरीज त्याला काही झाले नाही. मात्र त्या झुडपांत पॉयझन ओक, म्हणजे अंगाला लागले की फोड आणणारे झुडूप, माजलेले होते आणि पुढचे दहा-बारा दिवस बापलेकांच्या हातापायांवर फोड होते. भाऊजी परतीला आमच्याबरोबर वाइल्डकॅटमार्गे आले, वाटेत फारसे बोलले नाहीत, आणि तरीही आजतागायत घरात विषय निघाला की त्यांचे वाक्य एकच असते: “पण आधी आम्हीच पोहोचलो होतो.”

आधी पोहोचून काय साधले, हे मी त्यांना आजवर विचारत आले आहे. डोंगरात वेळ वाचवण्याला अर्थ असतो तो अंधार किंवा पाऊस गाठणार असेल तेव्हा. त्या दिवशी यांपैकी काहीही नव्हते. पुष्कळ लोक जातात म्हणून वाट सुरक्षित ठरते, हा युक्तिवाद तर या किनाऱ्यावर अजिबात टिकत नाही. बेअर व्हॅली ट्रेलच्या टोकाला असलेल्या आर्च रॉकवर वर्षानुवर्षे माणसे उभी राहत असत. मार्च 2015 मध्ये तो कडा कोसळला, त्यात एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि तिच्यासोबतचा माणूस जखमी झाला. कड्यावर काल किती माणसे उभी होती, यावरून तो आज टिकेल की नाही हे ठरत नाही.

मध्यम दिवसासाठी टोमॅलेस पॉइंट घ्या. पूर्ण वाट जाऊन-येऊन साडेनऊ मैलांची आहे, पण ती कोठूनही परत फिरता येण्यासारखी आहे, आणि माझ्या मते मध्यम वाटेचा हाच मोठा गुण असतो. पिअर्स पॉइंट रँचपासून निघाल्यावर पहिल्या मैल-दोन मैलांतच ट्यूल एल्क दिसण्याची चांगली शक्यता असते. या हरणांचे 1978 मध्ये येथे पुनर्वसन केले, तेव्हा आणलेले प्राणी अवघे दहा होते. एका बाजूला महासागर आणि दुसऱ्या बाजूला टोमॅलेस बे, अशा धारेवरून चालावे लागते आणि आडोसा कोठेही नाही. तीन मैलांनंतर वाट वाळूची होते आणि तेथून पुढचे अंतर दुप्पट वाटते, तेव्हा मुलगा कंटाळला तर तेथून खुशाल परत फिरावे.

दाट धुके किंवा जोराचा वारा असेल, तर टोमॅलेस आणि चिमनी रॉक दोन्ही रद्द करावेत आणि बेअर व्हॅलीत जावे. तेथून डिव्हाइड मेडोपर्यंतची वाट जाऊन-येऊन सव्वातीन मैलांची, रुंद आणि झाडीतली आहे. आई-वडिलांना तेवढेही नको असेल, तर शेजारची अर्थक्वेक ट्रेल अर्ध्या मैलाहून थोडी मोठी आणि पक्की बांधलेली आहे. 1906 च्या भूकंपात जमीन 15-20 फूट सरकली, ते तेथल्या तुटलेल्या कुंपणावरून प्रत्यक्ष समजते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. बेअर व्हॅलीपासून चिमनी रॉकला गाडीने पाऊण तास लागतो आणि पॅलोमॅरिन तर अगदी दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून एका दिवसात दोन टोके जोडू नका. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशा आणि ओहोटीचा तक्ता आधीच उतरवून ठेवा. गोचिडांसाठी पूर्ण पँट घाला. पुळणीवर समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका, कारण मधूनच एखादी लाट फार वरपर्यंत येते. आणि न्यायाने हेही सांगायला हवे की, अलामेअरच्या माथ्यावर आणखी लहान धबधब्यांची सुंदर ओळ आहे आणि ती पुळणीवरून दिसत नाही. भाऊजींनी ती पाहिली, मी पाहिलेली नाही.

आपल्याकडे तीन दिवस आहेत, तेव्हा कोणत्या दिवशी कोठे जायचे हे आत्ताच ठरवू नका. ओहोटी दुपारच्या आसपास असेल तो दिवस अलामेअरसाठी राखून ठेवा, पॅलोमॅरिनला सकाळी आठच्या आत पोहोचा, नाहीतर गाडी लावायला जागा मिळणार नाही, आणि ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी वाइल्डकॅटला असा हिशेब करा. उरलेल्या दोन दिवसांचे वारा पाहून त्या-त्या सकाळी ठरवावे. अलामेअरला बहुधा आपले पती आणि मुलगा हे दोघेच जातील. पती रोज धावणारे आहेत, त्यांना 13 मैलांचे भय नाही. पण पेलिकन लेकच्या पुढे तो दगडांचा बाण त्यांना दिसेल आणि पुढची माणसे त्या दिशेने वळताना दिसतील. तेथे डावीकडे वळायचे नाही, हे त्या दोघांकडून निघण्याच्या आदल्या रात्रीच कबूल करून घ्या.