लाइव्ह कार्यक्रमात मिक्सरवरून झूम एच१एनसारख्या छोट्या रेकॉर्डरमध्ये आवाज कसा घ्यावा?

मिक्सरवर रेक-आउट किंवा टेप-आउट (रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट) असेल तर तिथून दोन आरसीए (टीव्ही-डीव्हीडीला असतात तशा गोल पिना) ते ३.५ मिमी स्टीरिओ पिन अशी केबल रेकॉर्डरच्या लाइन-इनला लावा. मेन आउट (स्पीकरकडे जाणारं आउटपुट) शक्यतो टाळा. आरसीएची लेव्हल साधारण −१० डीबीव्ही असते, तर मेन आउटच्या एक्सएलआरची (तीन पिनांचा मोठा जोड) +४ डीबीयू, म्हणजे जवळपास १२ डीबी जास्त (या दोन मापांचं शून्य वेगळं असतं). एवढ्या सिग्नलने रेकॉर्डरचं इनपुटच फाटतं, आणि मग रेकॉर्डिंग लेव्हल कितीही खाली घेतली तरी फाइलमध्ये फाटलेलाच आवाज येतो, फक्त हळू. मेन किंवा ऑक्सवरूनच (वेगळा मिक्स बाहेर देणारं आउटपुट) घ्यावं लागलं तर मध्ये २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) हवाच.

साउंड चेकच्या वेळी एवढं बघा:

- रेकॉर्डरवरची प्लग-इन पॉवर (माइकला वीज देणारी सोय) आणि ऑटो लेव्हल (लेव्हल आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद.
- सर्वात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर −१२ डीबीच्या आसपास.
- रेकॉर्डर बॅटरीवर; चार्जर लावला की बहुतेकदा हम्म येतो.

बॅलन्स्ड मोनो आउटपुटची (एकच सिग्नल एका तारेत सरळ, दुसरीत उलटा देणारं) टीआरएस पिन (दिसायला स्टीरिओ पिनसारखीच) सरळ स्टीरिओ इनपुटमध्ये कधीही लावू नका. डावा-उजवा उलट्या फेजमध्ये भरतो, हेडफोनवर ठीक वाटतो आणि मोबाइलच्या एका स्पीकरवर गायब होतो.

एक मात्र आहे: छोट्या सभागृहात तबला-पखवाज स्पीकरमध्ये कमीच सोडलेले असतात, त्यामुळे मेन मिक्समध्ये नुसतं गाणं आणि पेटी पुढे येते. तिथे साउंडवाल्या दादांना रेकॉर्डिंगसाठी वेगळा प्री-फेडर ऑक्स (मेन मिक्सचे फेडर वर-खाली केले तरी न बदलणारा) मागा.