जाहिरातीच्या चित्रातून काय काढायचं?

सप्रेम नमस्कार,

तू पाठवलेली पाण्याच्या बाटलीची जाहिरात आधी संगणकावर पाहिली, मग मुद्दाम फोनवर. संगणकावर छान वाटली. फोनवर मात्र बाटली शोधावी लागली.

शोधावी लागणारच. वर लोगो, उजवीकडे सवलतीचा लाल तारा, मध्ये डोंगर चढणारी मुलगी, तिच्या पाठीवरच्या पिशवीत बाटली, खाली चार आयकॉन आणि त्याखाली वेबसाइटचा पत्ता. सगळं एका रेषेत नीट बसवलं आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. पण बघणारा जाहिरात बघायला आलेलाच नसतो. ओळखीच्यांचे फोटो बघत त्याचा अंगठा वर सरकत असतो. यूट्यूबवर स्किप करता येणाऱ्या जाहिरातीलासुद्धा पहिली पाच सेकंदं हक्काची मिळतात. फीडमध्ये, म्हणजे या सरकत्या फोटोंच्या रांगेत, तेवढीही मिळत नाहीत.

तेव्हा सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिही: बघणाऱ्याच्या लक्षात एकच गोष्ट राहणार असेल, तर ती कोणती? ग्राहक, म्हणजे जाहिरात करून घेणारा बाटलीवाला, म्हणेल, सगळ्याच. म्हणू दे, पैसे त्याचे आहेत. वाद घालत बसू नकोस, एका चित्राऐवजी चार चित्रं दे. बाटली हलकी आहे, हे एक. झाकणातून गळत नाही, हे दुसरं. आता या दुसऱ्या चित्राला डोंगर हवाच कशाला? पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली उलटी धरलेली, तिच्या झाकणाच्या बरोबर खाली उघडी वही, वहीत शाईच्या पेनने लिहिलेलं पान. शाई कुठेही फुटलेली नाही. एवढ्यात सांगून होतं, मग ओळही तीन-चार शब्दांची पुरते. फोटो मात्र खरा काढ. बाटली गळत असेल तर निदान आपल्याला आधी कळेल!

डोंगराबरोबर मुलीलाही काढून टाक. त्यामागे आणखी एक कारण आहे. चित्रात चेहरा असला की नजर आधी त्यावर जाते आणि मग तो चेहरा जिकडे बघत असेल तिकडे वळते. तुझी मुलगी चौकटीबाहेरच्या कुठल्यातरी शिखराकडे बघते आहे. बघणाराही तिच्या मागोमाग बाहेर जातो. माणूस हवाच असेल तर त्याची नजर वस्तूकडे असू दे. नुसता हात दाखवलास तरी चालेल, हातामुळे बाटलीचा आकारही कळतो.

आता लाल तारा. त्यावर तू निळी अक्षरं घातली आहेस. चित्र एकदा कृष्णधवल करून बघ, अक्षरं ताऱ्यात विरून जातील. लाल आणि निळा वेगळे दिसतात खरे, पण तू घेतलेल्या दोन्ही छटांचा उजळपणा जवळजवळ सारखा. त्यात अपलोड करताना चित्र पुन्हा दाबलं जातं. जेपेगमध्ये, म्हणजे फोटो साठवण्याच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी टिकतो, रंगाचा तपशील मात्र सहसा कमी बारकाईने साठवला जातो. त्यामुळे निव्वळ रंगाच्या फरकावर उभी असलेली बारीक अक्षरं कडेने फिसकटतात. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान 4.5:1 आणि मोठ्या मजकुराला 3:1 इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मागितला आहे. तो मोजणारी साधनं फुकट मिळतात. तीच सवय लाव. लाल-हिरव्यात फरक न कळणारे लोकही बरेच असतात, त्यांचाही प्रश्न यातच सुटतो.

मजकुराबद्दल थोडंसं. फेसबुकवर पूर्वी चित्राचा 20 टक्क्यांहून जास्त भाग अक्षरांनी व्यापला की जाहिरात कमी लोकांपर्यंत पोचायची. 2020 मध्ये ती अट काढली आणि लोकांनी चित्रांची पत्रकं करून टाकली. मी अजूनही ती अट आहे असं धरूनच काम करतो. आणि देवनागरीत दोन ओळी एकाखाली एक घेशील तेव्हा ओळींमधली जागा इंग्रजीच्या सवयीने ठेवू नकोस. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांवर आदळतात. तुझ्या मथळ्यात तेच झालं आहे.

मापांवर फार वेळ घालवत नाही. इन्स्टाग्रामच्या फीडसाठी 4:5, म्हणजे 1080 बाय 1350 पिक्सेल घे, चौरसापेक्षा पडद्याची जास्त उंची मिळते. स्टोरी आणि रील्ससाठी 1080 बाय 1920. तिथे वरचे साधारण 14 टक्के आणि खालचे 20 टक्के मोकळे सोड, रील्समध्ये तर खालचे 35 टक्के. तिथे खात्याचं नाव, मजकूर आणि बटणं येतात. तुझा वेबसाइटचा पत्ता नेमका तिथेच गाडला गेला आहे. तसाही तो नको, चित्रातल्या पत्त्यावर टिचकी मारता येत नाही आणि खाली बटण असतंच. व्हिडिओ केलास तर आवाज बंद ठेवून बघ. तरीही कळला, तर पाठव.

दोन नमुने चालवून बघायचे म्हणतेस, जरूर बघ. पण एका वेळी एकच गोष्ट बदल. फोटोही नवा आणि मथळाही नवा असला, तर कोणामुळे फरक पडला हे सांगता येत नाही. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून एकाला बाद करू नकोस. आणि नुसत्या लाइकवर तर मुळीच जाऊ नकोस. डोंगराला लाइक भरपूर मिळतील, बाटली किती जणांनी घेतली ते ग्राहकाला विचार. चांगली चाललेली जाहिरातही त्याच लोकांना पुन्हा पुन्हा दिसू लागली की मंदावते, म्हणून तिसरं-चौथं चित्र आधीच तयार ठेव.

वहीचा फोटो झाला की दोन नमुने पाठव. मूळ फाइल नको, तुझ्या फोनवर फीडच्या आकारात दिसतात तसे स्क्रीनशॉट पाठव, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून. ग्राहकाला सवलत दाखवायचीच असेल तर ती चित्राखालच्या मजकुरात, पहिल्याच ओळीत घे. ताऱ्याचा आग्रह धरला तर मला फोन कर, मी बोलतो त्यांच्याशी.