टॅगचे दिवस शिक्षेतून वजा होतात का?

पायात टॅग (माणूस ठरल्या वेळी घरी आहे का हे नोंदवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा) बांधून जामिनावर असलेल्यांच्या घरून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकत्र उत्तरं देते. ती फक्त इंग्लंड-वेल्सपुरती. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

प्रश्न : टॅगचा एक दिवस म्हणजे तुरुंगातला एक दिवस का?
उत्तर : नाही, अर्धा.

प्रश्न : मुलाला रात्री 11 ते सकाळी 7 घरातच राहायचं आहे, टॅगही आहे. हे दिवस धरतील ना?
उत्तर : नाही, हे 8 तासच झाले. दिवसाला किमान 9 तासांचा कर्फ्यू (घरातच राहण्याची अट) आणि टॅग, दोन्ही लागतं. ‘तास वाढवून घ्या’ असं कुणी सुचवलं, तर आधी सॉलिसिटरला (तुमची केस बघणाऱ्या वकिलाला) विचारा.

प्रश्न : भावाला शिक्षा होऊन सात आठवडे झाले. टॅगचे दिवस तुरुंगवाले आपोआप वजा करतील, असं ओळखीचे सांगतात.
उत्तर : साफ चूक. याच ऐकीव गोष्टीपायी माणसं नाहक जास्त दिवस आत काढतात. कोठडीतले दिवस तुरुंग प्रशासन स्वतः मोजतं. टॅगचे दिवस मात्र न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना भर कोर्टात आकडा सांगून जाहीर करावे लागतात. सेंटेन्सिंग ॲक्ट 2020, कलम 325. जाहीर झाले नाहीत, तर तुरुंगाच्या हिशोबात येत नाहीत. बॅरिस्टरने त्या दिवशी आकडा हातात ठेवूनच उभं राहायला हवं. शिवाय ‘आकडा चुकला असल्यास दुरुस्त होईल’ हे वाक्य न्यायाधीशांकडून वदवून घ्यावं. ते वाक्य नसेल, तर क्राउन कोर्टाला शिक्षा दुरुस्त करायला 56 दिवसच मिळतात. तुमचे 49 गेले. पुढे कोर्ट ऑफ अपील आहे, पण तिथे मुदतवाढ हमखास मिळेल असं धरू नका. आजच सॉलिसिटरला फोन करा.

प्रश्न : एकजण पैसे घेऊन ‘क्रेडिट (शिक्षेतून वजा होणारे दिवस) वाढवून देतो’ म्हणतो. देऊ का?
उत्तर : एक पेनीही देऊ नका. कुणालाच ते वाढवता येत नाही. टॅगचे एकूण दिवस घ्या, अट मोडलेले दिवस वगळा, उरले त्याचे निम्मे करा. अर्धा उरला तर पूर्ण धरा. 180 पैकी 3 दिवस मोडले, तर 177 चे निम्मे 88.5, म्हणजे 89. अट मोडल्याच्या नोंदीवर वाद असेल, तर तो वकिलामार्फतच घाला.

प्रश्न : भारतात जामिनाचे दिवस वजा होतात?
उत्तर : नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 खाली फक्त कोठडीतले दिवस धरतात. खटला तिथे असेल, तर तिथल्या वकिलाला भेटा.