'तेला कायबी फिकीरच नाही ओ मॅडम'

हे वाक्य मी वर्षात किती वेळा ऐकते ते मोजायचं सोडून दिलंय. दहावीचं वर्ष सुरू झालं की आया येतात, बेळगावातून येतात, खानापूर निपाणीकडून येतात आणि तक्रार एकच, पोरगा बोलत नाही, रडत नाही, चिडत नाही, टेन्शनच घेत नाही. आज सांगतेय त्या मुलाला समीर म्हणूया. नाव आणि बाकीचे तपशील बदललेत.

आई म्हणाली, "तेला कायबी फिकीरच नाही बघा. खरं सकाळी शाळेची वेळ झाली की पोट धरून बसतोय." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', बाहेरच्यांचा गोंधळ होतो.) सोनोग्राफी झाली, रक्त झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनीच समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. आणि आईने मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता, तर तिचा पहिला प्रश्न, "कॉर्टिसॉलची टेस्ट करून घेऊ काय?" (कॉर्टिसॉल म्हणजे टेन्शनच्या वेळी शरीरात वाढणारं हार्मोन.)

समीर समोर बसलेला. काय विचारलं की "काय नाही, बरा हाय". मराठी शाळा, कन्नडचा पेपर अवघड जातो काय? "जमतंय." बाबांची आठवण येते काय? "नाही." चेहरा एकदम कोरा, मलाही क्षणभर वाटलं की खरंच याला काही नाही. आणि मग त्याने टेबलावरचा हात उचलला तर काचेवर अख्खा पंजा उमटलेला, ओला, पाचही बोटं. त्याने पटकन शर्टाच्या बाहीने पुसून टाकला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

हळूहळू गोष्ट कळली. तो दोन वर्षांचा असताना आईबाप दोघं गोव्याला कामाला गेले, वडील म्हापशात हॉटेलच्या किचनमध्ये, अजून तिथेच आहेत. समीर पाच वर्षांचा होईपर्यंत आजोळी. आजीने पोराला मायेने वाढवलं, त्यात काही प्रश्नच नाही. महिन्यातून एकदा आईबाप यायचे आणि परत जाताना हा दारात उभा राहायचा, पण रडायचा नाही. आजी आजपण कौतुकाने सांगते म्हणे, लई शहाणा पोरगा, गोव्याची बस हलली तरी कधी डोळ्यात पाणी नाही.

इथेच मी आईला जरा थांबवलं. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेत मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी साधारण वर्षाच्या बाळांना एका खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर जाते तेव्हा काय करतात आणि मुख्य म्हणजे ती परत आल्यावर काय करतात ते बघितलं. बरीच बाळं रडतात आणि आई आली की तिला चिकटून शांत होतात. काही मात्र आई आली तरी मान वळवून खेळणीच बघत बसतात, याला अव्हॉयडंट अटॅचमेंट म्हणतात. मग १९९३ मध्ये जर्मनीत श्पांगलर आणि ग्रॉसमन यांनी याच प्रयोगात हृदयाचे ठोके आणि लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. तर ही 'शांत' बाळं आतून शांत नव्हतीच, ठोके त्यांचेही वाढलेले आणि कॉर्टिसॉल तर आईला चिकटून रडणाऱ्या बाळांपेक्षा जास्त. आता हा अभ्यास चाळीसेक बाळांचाच होता आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांत अगदी तसंच आलं असं नाही, आणि समीर काही बाळ नाही, त्यामुळे त्याच्यावर शिक्का मारायचा नाही. पण न रडणं म्हणजे त्रास नसणं नव्हे, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

टेस्टचं विचाराल तर माझं उत्तर नाही. कॉर्टिसॉल वाईट नसतंच मुळात, सकाळी उठल्यावर पाऊण तासात ते चढतं, म्हणून तर आपण कामाला लागतो, दिवसभर उतरत जातं, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. सुई बघूनसुद्धा वाढू शकतं. लॅबमधली टेस्ट ग्रंथींच्या आजारासाठी असते, डॉक्टर सांगतील तेव्हा करायची. पोराला टेन्शन आहे की नाही हे एका आकड्यावरून कळत नाही, संशोधक पण दिवसातून अनेकदा, अनेक दिवस लाळ गोळा करतात तेव्हा कुठे काहीतरी दिसतं.

आईचा उपाय होता रात्री अभ्यासाला शेजारी बसायचं, अकरा वाजेपर्यंत, चहा करून. प्रेमानेच करत होती बिचारी. पण २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांना अनोळखी लोकांसमोर भाषण करायला लावलं, आधी आईवडिलांनी तयारीला मदत केली. नऊदहा वर्षांच्या मुलांचं कॉर्टिसॉल त्याने कमी राहिलं, पंधरासोळाच्यांच्या कॉर्टिसॉलवर मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे या वयात नुसतं शेजारी बसून भागत नाही. तिला सांगितलं, तुम्ही स्वयंपाकघरात तुमचं काम करा, दार उघडं ठेवा, आणि "काय झालं, सांग की" हे महिनाभर बंद. पोट दुखतंय म्हणाला तर दुखतंय, नाटक म्हणायचं नाही.

वडिलांचा प्रश्न वेगळा. ते रोज व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगचं फूल पाठवायचे, समीर अंगठा पाठवायचा, संपलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लेस्ली सेल्ट्झर या संशोधक बाईंनी सात ते बारा वर्षांच्या मुलींवर असंच बघितलं होतं, टेन्शन दिल्यावर आईशी फोनवर बोलणाऱ्या मुलींचं कॉर्टिसॉल उतरलं, मेसेजवर बोलणाऱ्यांचं उतरलं नाही. मुली होत्या, लहान होत्या, आई होती, इथे मुलगा आणि बाप, पण फोनने नुकसान काय होणार होतं? वडील मला म्हणाले, "मॅडम, बोलू काय मी? जेवलास काय, एवढंच येतंय मला." म्हटलं तेच विचारा, पुढे फक्त काय जेवलास ते पण विचारा, अभ्यासाचं नको. आठवड्यातून तीनदा, हॉटेलातलं जेवण वाढायच्या आधी, ठरलेल्या वेळी. पहिले फोन मिनिटभराचे पण नव्हते. नंतर वडील आमटी कशी फोडणी घालतात ते सांगायला लागले आणि हा ऐकायला लागला.

(पोरगं वजन उतरवत असेल, झोपच नसेल, स्वतःला इजा करायची भाषा असेल तर मात्र असं थांबून बघायचं नाही, लगेच मानसोपचार डॉक्टर, रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ पण आहे.)

गणपतीनंतर आई एकटीच आली, तोंड पाडून. शेटने सुट्टी दिली नाही म्हणून वडील येऊ शकले नव्हते. "फोनवर बापाला म्हणाला, येतो म्हणून येत नाहीस, मग येतो म्हणून सांगू नको. आणि फोन ठेवून रडला ओ, मोठ्याने. मला पण उलट बोलतोय. मॅडम, पहिला बरा होता काय?"

मी विचारलं, पोट?

"पोट?" ती जरा आठवत बसली. "ते आता सोमवारीच दुखतंय. कन्नडचा पहिला पिरियड असतोय न्हवं."