काचेपलीकडचं : मोडलेला हत्ती, डांबर फासलेली राणी

संग्रहालयांत पाहिलेल्या, पण पाटीवरून न कळलेल्या वस्तूंबद्दल तुम्ही विचारता आणि मी मला ठाऊक असलेलं सांगते, असं हे सदर. नोकरीभर लोकांना दालनं दाखवत फिरले, त्यामुळे पाय थकले तरी बोलायचा उत्साह तसाच आहे. या वेळच्या पत्रांतली चार निवडली आहेत.

प्रश्न : ताई, मुलांना घेऊन राणीच्या बागेत गेले होते. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडाचा मोठा हत्ती आहे. मुलांनी विचारलं, हा कुठून आला? तिथल्या एकाने ‘घारापुरीहून’ एवढंच सांगितलं. मग तो तिथून इथे का आणला?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : आणला असं म्हणण्यापेक्षा तो वाटेत मोडला आणि इथे राहिला, असं म्हणणं जास्त खरं. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिलं ते याच हत्तीवरून. बेटाच्या दक्षिणेला राजबंदर आहे. होडीतून उतरलेल्या माणसाला तिथे आधी लेणी दिसत नसत, हा हत्ती दिसे. एकाच काळ्या खडकातून कोरलेला, लांबीला 13 फुटांच्या आसपास. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान जनावर होतं. जुन्या प्रवाशांपैकी कुणाला ते हत्तीचं पिल्लू वाटलं, कुणाला वाघ.

1814 च्या सप्टेंबरात त्याचं डोकं आणि मान निखळून पडली, पुढे धडही खचू लागलं. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेनची साखळी तुटली, हत्ती खाली आदळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला, तेव्हा नव्यानेच झालेल्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, आले. पुढे 1914 मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे तुम्ही पाहिलात तो हत्ती एकसंध नाही, जोडलेला आहे. पुढच्या वेळी मुलांना त्याचे सांधे शोधायला लावा. मुलांची नजर आपल्यापेक्षा तिखट असते.

शिल्पासमोर उभं राहिलं की आपण पहिल्यांदा विचारतो, हे कुणी केलं? या हत्तीच्या बाबतीत त्याला नावानिशी उत्तर नाही. पण ‘याच्यावर काय काय गुजरलं?’ असं विचारलं तर हजारभर वर्षांपूर्वीचा दगड बोलायला लागतो. मला हाच प्रश्न जास्त कामाचा वाटत आला आहे. ब्रिटिश काळातल्या मुंबई गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यातल्या स्थळांवरचा 1882 चा खंड मिळाला तर जरूर चाळा. त्यात घारापुरीवर पानंच्या पानं आहेत आणि हत्तीचीही हकीकत आहे. घारापुरीची सहल मात्र या हत्तीपासून सुरू करावी, असं मी सगळ्यांना सांगते. आधी भायखळा, मग गेटवेची लाँच.

प्रश्न : मी अकरावीत आहे. त्याच संग्रहालयाच्या आवारात इंग्रजांच्या काळातले पुतळे ठेवलेत. व्हिक्टोरिया राणीचा पांढरा पुतळा दाखवून आजोबा म्हणाले, याला चापेकरांनी डांबर फासलं होतं. मित्र म्हणतात, ही दंतकथा आहे. खरं काय?
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे. मित्रांना हे वाचायला दे.

हा संगमरवरी पुतळा लंडनच्या मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवला. पैसे दिले बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. 1872 मध्ये तो फोर्टात, नक्षीदार छत्रीखाली बसवला गेला. येणाऱ्याजाणाऱ्याने मान वर करून पाहावं, अशीच ती रचना होती. राज्य कुणाचं आहे हे न बोलता सांगायचं काम त्या पुतळ्याकडे होतं. आज तो जमिनीलगत, झाडांच्या सावलीत आहे आणि तू त्याच्या अगदी जवळ जाऊ शकतोस. या बदललेल्या उंचीकडे लक्ष दे, तोही इतिहासच आहे.

1896 च्या ऑक्टोबरात मुंबई जागी झाली तेव्हा राणीच्या अंगावर डांबर होतं आणि गळ्यात जोड्यांची माळ. कुणी केलं याचा पत्ता पोलिसांना लागला नाही. पुढच्या वर्षी, 22 जून 1897 च्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. तो दिवस याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा होता, हे विसरू नकोस. दामोदर हरी चापेकर पकडले गेले आणि मग त्यांच्याच जबानीतून मुंबईच्या पुतळ्याचाही उलगडा झाला. कीर्तनकाराच्या घरातली ही मुलं. दामोदरपंतांनी तुरुंगात आपली हकीकत लिहून ठेवली आहे. 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. त्यांचं लिखाण वाचताना काही मतं तुला खटकतील, खटकू देत, पण मुळातूनच वाच. दुसऱ्याने काढून दिलेला सारांश पुरत नाही. चिंचवडचा चापेकर वाडाही एकदा बघून ये.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग. डांबर फासणं एका रात्रीचं काम, पण काढणं? संगमरवर कितीही घोटलेला असला तरी त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. काळा डाग वर बसत नाही, आत उतरतो. घासावं तर चेहऱ्याची घडण झिजते, जालीम आम्ल लावावं तर दगडच विरघळतो, कारण संगमरवर म्हणजे शेवटी चुन्याच्याच जातीचा दगड. डाग काढायचे आधीचे प्रयत्न फसले. शेवटी ते जमलं त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञांना. सुरतेचे गज्जर हे कापडाच्या रंगाईतले जाणकार. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 मध्ये बडोद्यात जे कलाभवन उभं राहिलं, त्यामागे हेच होते, आणि नंतर ते मुंबईत रसायनशास्त्र शिकवत. कापडावर रंग कसा पक्का बसतो हे ज्याला कळतं, त्यालाच तो कसा सोडवायचा हे सुचणार! पुढे 1907 मध्ये बडोद्यात अलेम्बिक हा औषध-रसायनांचा कारखाना निघाला, त्यातही त्यांचा हात होता.

एका पुतळ्यात बघ किती माणसं आली. घडवणारा लंडनचा, पैसा बडोद्याच्या गादीचा, डांबर पुण्याहून आलेल्या भावांचं आणि डाग काढणारा सुरतेचा. पाटीवर यातली पहिली दोन नावं सहज मावतात. उरलेली दोन मावत नाहीत आणि माझ्या मते त्यांच्यामुळेच हा पुतळा जपण्यासारखा आहे. ‘परक्यांचे पुतळे कशाला सांभाळायचे’ असं काही जण पोटतिडकीने विचारतात. त्यांना मी नेहमी हेच उदाहरण देते. हा दगड फोडला असता तर चापेकरांच्या त्या रात्रीचा साक्षीदारही गेला असता.

1965 च्या सुमारास शहरातले असे पुतळे चौकांतून हलवून इथे आणले गेले. काळा घोडाही त्यातलाच. त्यावर बसलेले युवराज म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड. आल्बर्ट ससून यांनी तो जोसेफ बोएमकडून करवून घेतला आणि 1879 मध्ये बसवला. घोडा गेला तरी चौकाला त्याचंच नाव राहिलं. 2017 पासून तिथे श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा आहे, त्यावर स्वार नाही. दोन्ही घोडे एकाच दिवशी पाहण्यासारखे आहेत.

प्रश्न : हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बुरखा घेतलेल्या स्त्रीचा संगमरवरी पुतळा पाहिला. तो बुरखा खरंच दगडाचा आहे का? गाइड म्हणाला, जगात असा एकच पुतळा आहे.
– एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, बुरखा दगडाचाच आहे, पण पुतळा एकुलता एक नाही. अमेरिकेत अटलांटाच्या हाय म्युझियममध्ये आणि पिट्सफील्डच्या बर्कशायर म्युझियममध्ये याच पुतळ्याच्या, म्हणजे ‘रिबेका’च्या, प्रती आहेत. हे ऐकून कुणाकुणाचा हिरमोड होतो. तुमचा होऊ नये म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हा पुतळा घडवणारे शिल्पकार ज्योव्हान्नी मारिया बेन्झोनी यांची रोममध्ये शिल्पशाळा होती. तिथली त्या काळची पद्धत अशी : उस्ताद मातीत मूळ घडवी, त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती निघे, तिच्यावर ठरावीक बिंदूंच्या खुणा केल्या जात. मग सुईचं मोजमाप-यंत्र लावून प्रत्येक बिंदू दगडात किती खोल आहे हे ठरवत आणि कसलेले कारागीर तेवढा दगड उतरवत. गिऱ्हाइकाने मागणी केली की नवी प्रत निघे. 1876 मध्ये पहिले सालारजंग, म्हणजे निजामाचे दिवाण मीर तुराब अली खान, युरोपच्या दौऱ्यावर होते. तेव्हा त्यांनी ही प्रत रोममध्ये घेतली.

बुरख्यामागे चेहरा कोरलेला नाही. दगड एकच, पृष्ठभाग एकच. नाक, ओठ, हनुवटी जिथे कापडाला आतून टेकतील तिथे उंचवटा येऊ दिला आहे आणि त्याच उंचवट्यावरून चुण्यांच्या बारीक रेघा सलग नेल्या आहेत. डोळा रेघेला कापड समजतो आणि उंचवट्याला कापडामागचा चेहरा. आपणच ते दोन थर मनात वेगळे करतो. पुढच्या वेळी अगदी बाजूने, गालाच्या रेषेत उभं राहून बघा, युक्ती लक्षात येते. लक्षात आल्यावरही समोर आलं की पुन्हा फसायला होतं. कारागिरी म्हणतात ती हीच.

गोष्ट बायबलच्या जुन्या करारातली आहे. रिबेका उंटावरून सासरी येते. शेतातून चालत येणारा माणूस कोण, असं नोकराला विचारते. तो आपला होणारा नवरा इसहाक आहे हे कळताच ती उंटावरून उतरते आणि चेहऱ्यावर वस्त्र ओढते. तो क्षण इथे आहे. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

त्याच संग्रहालयातला लाकडी दुहेरी पुतळा पाहिलात ना? पुढून सैतान मेफिस्टोफिलीस, मागून मार्गारेटा, आणि मागे आरसा. जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातली पात्रं आहेत ती. गर्दी त्याच्याभोवतीच जास्त असते. मला रिबेका कितीतरी वरच्या दर्जाची वाटते.

प्रश्न : पुण्यात केळकर संग्रहालय पाहिलं. अडकित्ते, दिवे, फण्या, कुलपं. ही कला कशी? आमच्या घरीही आजीची पितळी वज्री आणि एक अडकित्ता आहे. मोडीत द्यायचं चाललंय.
– एक गृहिणी, सातारा

उत्तर : मोडीत देऊ नका! आधी हे वाचा.

दिनकर गंगाधर केळकर चष्म्याच्या धंद्यातले, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. वाडे मोडत होते आणि लोक पितळ-तांबं वजनावर विकत होते. केळकर गावोगाव फिरून ते उचलत राहिले, पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालय त्याच्याच नावाचं आहे, नीट वाचा : राजा दिनकर केळकर. सुमारे वीस हजार वस्तू त्यांनी 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केल्या. कोथरूडचा मस्तानी महाल पाडला जात असताना त्याचे खांब-कमानी आणून त्यांनी आत उभा केला, तोही तुम्ही पाहिला असेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे. वज्री कशासाठी? टाचेचा मळ घासायला. त्याला खरबरीत तळ पुरेसा होता. पण घडवणाऱ्याने वर मोर बसवला, कुणी हत्ती, कुणी पोपटांची जोडी. काहींच्या पोटात खडे घातले म्हणजे घासताना छुमछुम वाजावं. न्हाणीघरात, कुणी बघत नसताना, एका बाईच्या पायाशी वाजणारी ही वस्तू. तिला कला म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? राजाच्या दरबारासाठी केलेलं तेवढंच कला असतं, हे मी कधीच मानलं नाही. तुमच्या आजीच्या हातातला अडकित्ता रिबेकाच्या शेजारी ठेवायला मला अजिबात संकोच वाटणार नाही.

तर आता काय करायचं ते सांगते. वज्री चिंचेने किंवा पावडरने घासून चकचकीत करू नका. दर घासणीला नक्षी थोडी झिजते आणि वापराच्या खुणा पुसल्या जातात. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस्स. अडकित्त्याची खीळ घट्ट झाली असेल तर जोर लावून उघडू नका. मग घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा : ही कुणाची, माहेराहून आली की सासरी घेतली, कुठल्या गावच्या बाजारातून, सुपारी रोज कोण कातरायचं. मिळेल ते पेन्सिलीने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून वस्तूबरोबर ठेवा, तारखेसकट. शाई ओल लागली की पसरते, पेन्सिल टिकते. संग्रहालयाला अशी वस्तू द्यायची वेळ आली तर नोंदवहीत पहिल्यांदा हेच विचारतात, आणि बहुतेक घरांतून उत्तर येतं, ‘जुनी आहे.’ तुमच्याकडून तरी त्याहून जास्त यावं. सासूबाई आहेत तोवर विचारून घ्या, याच आठवड्यात.