पेशंटला इन्सुलिन शिकवायचं काम स्टुडंट नर्सवर सोडलं तर चालतं का?

शुगर चेक करणं, बीपी घेणं हे द्या की स्टुडंटला, फक्त तुम्ही जवळ उभं राहा. पण पहिल्यांदा इन्सुलिन शिकवणं आणि पेशंटला खरंच जमतंय का हे ठरवणं स्टाफ नर्सनंच करायचं, ते ढकलू नका. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी मावशी "कळलं का?" विचारलं की मान डोलवतात, आणि घरी गेल्यावर माहितीचं कार्ड कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये, वाचणार कोण, म्हणून सिरिंज त्यांच्याच हातात द्या आणि करून दाखवायला लावा. ४० ची (म्हणजे एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन असलेली) बाटली असेल तर लाल टोपीची ४० चीच सिरिंज, तिथं १०० ची वापरली तर डोस निम्म्याहून कमी जातो, हे बाटली समोर धरून दाखवा. घाम सुटला, हातपाय थरथरले, शुगर ७० च्या खाली आली तर शुद्धीत असताना ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत चेक.

आणि मावशी "आता जन्मभर सुई टोचायची काय ओ" म्हणून रडायला लागल्या तर त्या वेळी डोस सांगत बसू नका, डोक्यात काही शिरत नाही. शेजारी बसा, ऐकून घ्या, घरात सुई कोण देणार विचारा, सुनेला नाहीतर मुलाला बोलवून घ्या आणि मग दोघांना मिळून शिकवा.